आवट्यांचं विरजण

जाड माणसाचं ताट ही सार्वजनिक मालमत्ता असते. त्यात काय वाढलं, किती वाढलं, दुसऱ्यांदा काय घेतलं, यावर पंगतीतल्या कुणालाही बोलायचा अधिकार असतो. बोलणारा स्वतः चार जिलब्या रिचवून ढेकर देत असला तरी चालतं. केतकी आवटीला हा अनुभव लहानपणापासून होता आणि आता ती त्रेचाळीस वर्षांची होती. सांगलीच्या एका हायस्कूलमध्ये ती भूगोल शिकवायची. एवढ्या जाड बाई पृथ्वीचा गोल हातात घेऊन वर्गात उभ्या राहिल्या की मुलं त्यांना काय म्हणत असतील, ते वेगळं सांगायला नको.

तिने उपाय केले नव्हते असं नाही. डाएट झाले, काढे झाले, आठवड्याचं इंजेक्शनही झालं. त्याने इतक्या उलट्या व्हायच्या की शिकवताना ती दाराजवळच उभी राहायची. वजन उतरायचं आणि थोड्या महिन्यांत व्याजासकट परत यायचं. साखर वाढलेली, गुडघे कुरकुरणारे, झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकाला रात्रभर मास्क. कानात दडा बसला म्हणून डॉक्टरकडे जावं तरी ते आधी म्हणणार, वजन कमी करा. कानाचा आणि वजनाचा संबंध काय, हे विचारायची तिची हिंमत व्हायची नाही.

घरी नवरा वीरेश प्रेमळ होता, पण वाढदिवसाला वजनकाटा आणणाऱ्यातला. मुलगी मिहिका अकरावीत. ती बाजारात आईच्या दोन पावलं पुढे चालायची आणि कॉलेजच्या गॅदरिंगची तारीख आईला मुद्दाम उशिरा सांगायची. केतकीला ते कळत होतं आणि फार लागत होतं. ताटाकडे न बघणारा घरात एकच माणूस होता, सासरे. अप्पांची सगळी हयात हळदीच्या अडतीवर गेली. अंगाने काटकुळे, पण या वयातही तीन भाकऱ्या आणि वर वाडगाभर दहीभात लागायचा. त्यांच्याबरोबर जेवताना केतकीला घास मोजून खावा लागत नसे.

त्या वर्षी 'तृप्ती' आली.

भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, पण तिचा कारभार मेंदू चालवतो. अन्न आतड्यात उतरलं की तिथल्या काही पेशी एक संप्रेरक सोडतात. ते मेंदूला कळवतं, आता पुरे. निरोप देऊन दोन-तीन मिनिटांत ते नष्ट होतं. काही माणसांत हा निरोप क्षीण निघतो, किंवा निघाला तरी मेंदूला ऐकू येत नाही. अशी माणसं जेवून उठतात तीही भुकेलीच, आणि बाकीचे त्यांना हावरट म्हणतात. त्यातून त्यांनी हट्टाने वजन उतरवलं तर शरीराला वाटतं दुष्काळ पडला, आणि ते भूक आणखी वाढवतं. माणूस स्वतःच्याच शरीराशी भांडत राहतो आणि लोक म्हणतात, मनावर ताबा नाही.

'तृप्ती' बनवणाऱ्यांनी दह्यातल्या जिवाणूंचा एक भाऊबंद घेतला आणि त्याच्यात एक नवं जनुक घातलं. हा जिवाणू आतड्यात बसून तसंच, पण टिकाऊ संप्रेरक तयार करायचा. 'आता पुरे' हा निरोप दिवसभर चालू राहायचा. जिवाणू भलतीकडे पसरू नये म्हणून त्याला मुद्दाम लुळा केला होता. त्याला जगायला लागणारं एक पोषक द्रव्य फक्त कंपनीच्या कपातच मिळायचं. कप बंद केला की दोन दिवसांत जिवाणू मरणार आणि भूक परत येणार. ज्यांचं वजन आजाराच्या पातळीला गेलंय अशांनाच तो मिळायचा. केतकीला तो मिरजेच्या डॉक्टर नसीमा मुजावर यांनी लिहून दिला.

कपातला पदार्थ गोडसर, गुलाबी आणि भयंकर होता. भाकरीबरोबर तर तो घशाखाली जाईना. मग केतकीने आपल्याकडची कुणीही बाई करेल तेच केलं. कप घरच्या दह्याच्या भांड्यात ओतायचा, ढवळायचा आणि त्यातलं वाटीभर खायचं. शेंगाची चटणी घातली की चवीला काही हरकत राहत नसे. रात्री त्याच दह्यातलं चमचाभर कोमट दुधात लावायचं, की सकाळी पुन्हा भांडंभर दही. हे विरजण साधंसुधं नव्हतं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा अथणीहून वाटीला फडकं बांधून ते घेऊन आल्या होत्या. सासूबाई गेल्या तरी विरजण चालू राहिलं. आवट्यांच्या घरात दही कधी विकत आलं नव्हतं.

आठवड्याभरात केतकीची भूक गेली. इतकी शांतता तिने जन्मात अनुभवली नव्हती. वर्गात शिकवताना डोक्याच्या मागे सतत चालणारी कुजबुज, डब्यात काय आहे, घरी गेल्यावर काय आहे, कुणाच्या नकळत काय खाता येईल, ती एकाएकी थांबली. पहिल्यांदा तिला रडू आलं. नंतर मात्र चैन पडेना. या रिकाम्या डोक्याचं करायचं काय? ती कपाटं आवरायची, गच्चीवर फेऱ्या मारायची, पेपर तपासून झाले की परत तपासायची. वजन महिन्यागणिक उतरत गेलं. साखर उतरली, मास्क कपाटात गेला. एक दिवस बाजारात मिहिका तिच्या बरोबरीने चालत होती, आणि हे लक्षात आल्यावर केतकीला आनंद झाला की राग आला, ते तिचं तिलाच ठरवता येईना.

सोसायटीत आवट्यांच्या दह्याला आधीपासून मान होता. आता तर बायका वाट्या घेऊन दारातच. एकीचं दही नासलं म्हणून ती आली, दुसरीला अचानक आपलं दही चिकट वाटायला लागलं. आजवर ज्या केतकीला जिने चढण्याचे फायदे सांगायच्या, त्या आता खुर्ची ओढून बसायला लागल्या. हळूहळू अख्खी सोसायटीच आटोपशीर झाली. कुणी त्याचं श्रेय योगासनांना दिलं, कुणी कोमट पाण्याला, आणि तळमजल्यावरच्या बाईंनी आपल्या गुरूंना. केतकीलाही यात काही वावगं वाटलं नाही. माणसं तिला घरात बोलवत होती, एवढं तिला पुरे होतं.

पावसाळ्यानंतर कपांचा पुरवठा तुटला. कारखान्यात काही बिघाड होता, महिनाभर तरी कप येणार नव्हते. दोन दिवसांत ती कुजबुज परत येणार होती. दोन दिवस गेले, आठवडा गेला. भूक आली नाही. केतकीने हे डॉक्टरांना सांगायला हवं होतं. पण सुखाची चौकशी कोण करतं? ती गप्प राहिली.

आणि अप्पांनी भाकरी अर्धी टाकली.

सुरुवातीला वाटलं, दात दुखत असतील. मग अर्धीची चतकोर झाली. दहीभात तेवढा ते रोज खायचे, जेवणाचा शेवट म्हणून, सवयीने. गालफडं बसली, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. उठताना भिंत धरायला लागले. वीरेश त्यांना घेऊन मिरजेला चार खेटे घालून आला. दुर्बिणी झाल्या, स्कॅन झाले. सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता आणि तो कुणी उच्चारत नव्हतं. रिपोर्ट मात्र एकामागून एक चांगले येत होते. अप्पांना विचारलं तर ते म्हणायचे, दुखत कुठंच नाही, फक्त भूक नाही.

केतकीने एकदा त्यांच्यापुढे ताट ठेवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, बोटांत फिरवला आणि परत ठेवला.

"पोट भरल्यासारखं वाटतंय बघ सारखं," ते म्हणाले. "बरं हाय की. कुजबुज न्हाई काय न्हाई."

कुजबुज हा शब्द तिचा होता. भूक गेली तेव्हा घरात तिनेच तो सांगितला होता. केतकी उभी होती ती खुर्चीवर बसली. कप बंद होऊनही न आलेली भूक, बारीक झालेली सोसायटी आणि हे समोरचं ताट एकदम शेजारी येऊन उभं राहिलं. तिने दह्याचं भांडं फडक्यात बांधलं, शाळेत रजा कळवली आणि मिरजेची बस धरली.

डॉक्टर मुजावरांनी दही तपासणीला पाठवलं, केतकीची आणि अप्पांची तपासणीही करून घेतली. दहा दिवसांनी त्यांनी तिला बोलावलं. त्यांचा चेहरा थकलेला होता. त्यांनी सांगितलं ते असं. जिवाणू आपसात जनुकं देतात-घेतात, शेजारणी एकमेकींना वाटीभर साखर देतात तितक्या सहज. कंपनीने त्यांचा लुळा जिवाणू दुधात वाढवून पाहिला होता, पाण्यात, मातीतही. तो मरायचा, म्हणून सगळे निर्धास्त होते. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घरच्या विरजणात शेकडो जातींचे जिवाणू नांदतात, आणि त्यात रोज एक कप वर्षभर पडत राहील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. लुळा जिवाणू मेला, पण मरण्याआधी त्याने ते जनुक विरजणातल्या धडधाकट जिवाणूला देऊन टाकलं. आता त्याला कपाची गरज नव्हती. तो दह्यात वाढत होता, आतड्यात मुक्काम करत होता, आणि ज्याच्या पोटात जाईल त्याला सांगत होता, आता पुरे.

"तुमच्यासाठी हे औषधच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अप्पांचे स्नायू झिजलेत. असंच चाललं तर ते हिवाळा काढणार नाहीत."

नेमका हाच जिवाणू मारणाऱ्या कॅप्सूल होत्या. पण एका घरात एकाने घेऊन भागत नाही. भांडी, हात, पाणी, कुठूनही तो परत येतो. घरातल्या सगळ्यांनी घ्यायला हव्या होत्या, केतकीनेही. आणि वर कळवल्यावर 'तृप्ती' बंद होणार हे उघड होतं. गेलेली भूक परत आली की मग ती कायमची. केतकीने परतीच्या बसमध्ये कुठलाच विचार पुरा केला नाही. अप्पा जगायचे तर तिची भूक परत यायला हवी होती, एवढंच सारखं डोक्यात फिरत राहिलं.

घरी वीरेशने मार्ग काढला. अप्पांना कॅप्सूल देऊन त्याच्या बहिणीकडे, बेळगावला ठेवायचं. केतकीचं औषध चालू राहील, अप्पाही सुधारतील. केतकीला हा मार्ग इतका आवडला की तिची तिलाच लाज वाटली. वीरेशने लगेच फोन लावला. बहीण म्हणाली, खुशाल पाठव, आणि हो, या उन्हाळ्यात तुमच्याकडून विरजण नेलं तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांची वजनं कशी छान उतरलीत. वीरेशने फोन ठेवला. मग दोघं आठवत बसली, अजून कोण कोण घेऊन गेलं होतं. पुण्याची भाची. शाळेतल्या तिघी. तळमजल्यावरच्या बाईंचा मुलगा तर दुबईला घेऊन गेला होता. थोड्या वेळाने त्यांनी आठवणं सोडून दिलं.

अप्पा हे सगळं ऐकत पलंगावर बसले होते. त्यांनी केतकीला जवळ बोलावलं.

"माझं काय, सगळं बघून झालंय," ते म्हणाले. "तुझं आत्ता कुठं बरं चाललंय. मी सांगतोय म्हणून ऐक, त्या गोळ्या घेऊ नगंस."

घरातल्या एकाने तरी तिला असं म्हणावं, यासाठी ती इतकी वर्षं जीव टाकत होती. आणि ते असं, या वेळी, या माणसाने म्हणावं. आत जाऊन तिने दह्याचं भांडं मोरीत ओतलं, उकळत्या पाण्याने घासलं आणि कॅप्सूल गिळली.

पुढे जे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी वर कळवलं, आरोग्य खात्याची माणसं दारोदार कॅप्सूल वाटत फिरली, 'तृप्ती' बंद झाली. सोसायटीत केतकीशी कुणी बोलेना. तुम्हाला गप्प बसता आलं नसतं का, असं एकीने तोंडावर विचारलं. दही ओतून दिलं म्हणून सगळ्यांनी सांगितलं आणि किती जणींनी खरंच ओतलं ते देव जाणे. वाहिन्यांवर चर्चा रंगल्या, त्यात एक गृहस्थ म्हणाले, काही लोकांना जिभेवर ताबा ठेवता येत नाही आणि भोगावं सगळ्यांना लागतं. हे गृहस्थ स्वतः सडपातळ होते.

कॅप्सूल घेतल्याच्या चौथ्या दिवशी केतकीला भूक लागली. दुसऱ्या तासाला, नद्यांची खोरी शिकवताना. आधी कुजबुज, मग हाक, मग घंटा. वर्षभर कोंडलेली असल्यासारखी ती अंगावर आली. हातातला खडू मोडला. ती स्टाफरूममध्ये गेली, आपला डबा संपवला, आणि तरीही समोरच्या बाईंच्या डब्याकडे तिची नजर जात राहिली. त्या दिवसापासून ती परत स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून, कुणी नसताना खायला लागली. साखर चढली. मास्क परत आला. मिहिका बोलत काही नव्हती, पण बाजारात परत पुढे चालायला लागली होती.

हे सगळं अप्पांसाठी. आणि अप्पा सुधरेनात.

महिना उलटला तरी ते दोन घासांवर उठत. डॉक्टरांनी परत तपासलं. केतकी स्वच्छ होती, वीरेश स्वच्छ होता. अप्पांच्या पोटात मात्र जिवाणू होता तसाच, ताजा. मिहिकाची तपासणी झालीच नव्हती, दोन्ही वेळा तिला क्लास होता. केतकी मिरजेहून घरी आली ती दुपारची. मिहिका कॉलेजातून परतली होती आणि आतल्या खोलीत अप्पांशी काहीतरी बोलत होती. अप्पांच्या हातात मिहिकाची पाण्याची बाटली होती आणि तळाशी राहिलेलं ताक ते पीत होते. नातीचं उष्टं संपवायचं, अन्न टाकायचं नाही, हा त्यांचा ती रांगत होती तेव्हापासूनचा नेम. ताक कुठलं, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

केतकीने मिहिकाचं कपाट उघडलं. पुस्तकांच्या मागे टॉवेलमध्ये गुंडाळलेली बरणी होती, अर्धी भरलेली. दुधाच्या पावडरीचं पाकीट शेजारीच. कॅप्सूलची पट्टी न फोडलेली.

मिहिका दारात येऊन उभी राहिली. तिने नाकारलं नाही. अप्पांनी कॅप्सूल घेतल्यात, आता त्यांना काही होणार नाही असं तिला वाटलं होतं. ती रडत नव्हती, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्यात पण तेच आहे, आई," ती म्हणाली. "आठवीत मला पण अशीच भूक लागायची. मी कुणाला सांगितलं नाही. मला तुझ्यासारखं व्हायचं नाहीये."

इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी इतकं काही ऐकवलं होतं, पण हे सगळ्यांत खोल गेलं. कारण त्यात तुच्छता नव्हती, नुसती भीती होती, आणि ती भीती केतकीला अगदी ओळखीची होती. ती बरणी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली. सकाळच्या भाकऱ्या होत्या, वांग्याची भाजी होती. तिने ताट वाढून घेतलं आणि बाहेर टेबलाशी येऊन बसली, मिहिकाच्या समोर. बरणी मधे ठेवली. ती जेवली. एक भाकरी झाली, दुसरी झाली, तिसरीही तिने घेतली. मिहिका बघत होती.

"तुला लाज नाही वाटत?" मिहिकाने हळूच विचारलं. टोचून नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"वाटते. रोज वाटते," केतकी म्हणाली. "पण अप्पांना मरू देण्याइतकी नाही वाटत."

मिहिकाने खोलीकडे पाहिलं. अप्पा पलंगावर आडवे झाले होते, गुडघे पोटाशी घेऊन. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, किंवा गेलं असलं तरी ते तसं दाखवणारे नव्हते. मग तिने बरणी उचलली, मोरीत ओतली आणि पट्टी फोडून आईसमोर पहिली कॅप्सूल घेतली. अप्पांचा कोर्स त्या दिवसापासून परत सुरू झाला. केतकीने शाळेतून आठवड्याची रजा काढली, कारण न सांगता.

अप्पांना भूक लागायला वेळ लागला. म्हातारं शरीर, ते आपल्या गतीने चालणार. पण सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी थालीपीठ मागितलं आणि अर्धं खाल्लं. वीरेशने ते उरलेलं अर्धं झाकून ठेवलं, जणू त्याला हात लावला तर नवस फळणार नाही. केतकी ओट्याशी दुसरं थापत होती. तेवढ्यात मिहिका आतून आली. केस विस्कटलेले, दोन्ही हात पोटावर. ती भिंतीला टेकून खाली बसली.

केतकीने तवा उतरवला आणि तिच्याजवळ जाऊन फरशीवर बसली. मिहिकाने आईकडे पाहिलं, एवढ्या सतरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तसं.

"आई, तुला रोज एवढी लागते?"

"रोज," केतकी म्हणाली.